लग्नाची आठवण कोण ठेवतं? धवलारणीपासून व्हिडिओवाल्यापर्यंत

आम्ही मीरा रोडच्या नया नगरमधल्या बचतगटाच्या बायका तुमच्याशी बोलतोय. तुळशीचं लग्न झालं की तुमच्याकडे मुहूर्त निघायला लागतात. आमच्याकडे रमजान ईद झाली की शव्वाल महिन्यात शादी हॉलच्या तारखा मिळत नाहीत. मग गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज येतात. मंडप, जेवण, कपडे, दागिने, आणि खाली एक ओळ हमखास असते: फोटो आणि व्हिडिओ शूटिंग.

दागिन्याचा भाव आपण चार दुकानांत विचारतो. आचाऱ्याला माणशी किती तांदूळ घ्यायचा हे आपण सांगतो. व्हिडिओवाल्याशी मात्र घरातला कुणीतरी पुरुष बोलतो, ॲडव्हान्स देऊन येतो, आणि काय ठरलंय ते आपल्याला हळदीच्या दिवशी कळतं. हप्ते फेडायची वेळ आली की पासबुक आपल्याच नावाचं असतं.

असं का झालं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. कारण लग्नाची आठवण ठेवणं हे काम मुळात बायकांचं होतं. ते आपल्या हातून कसं गेलं आणि थोडं तरी परत कसं घ्यायचं, हे आज सांगायचं आहे.

मराठीतली आद्य कवयित्री म्हणून महदंबेचं नाव घेतात. ती महानुभाव पंथातली, तेराव्या शतकातली. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी तिचं नाव जोडलेलं आहे. तिची प्रसिद्ध रचना कोणती, तर 'धवळे'. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. म्हणजे मराठीत बाईने केलेली जी पहिली कविता आपल्याला माहीत आहे, तीच लग्नातली आहे.

हा शब्द आमच्या भागात आजही जिवंत आहे. मीरा-भाईंदरच्या जुन्या गावांत आगरी, कोळी आणि ख्रिस्ती वस्ती आहे. ठाणे-रायगडच्या आगरी लग्नात धवलारीण असते. हळद असो, मांडव असो, त्या त्या विधीला ती धवले म्हणते. कोणत्या वेळी काय करायचं, कुणाला हाक मारायची, हे तिला तोंडपाठ असतं. कोणत्या घरात कोण कुठून सून होऊन आली, हेही तिच्या लक्षात असतं. कागद नाही, पेन नाही, गावाची लग्नं तिच्या डोक्यात जमा.

थोडं उत्तरेला गेलं की पालघर जिल्हा लागतो. २०१४ पर्यंत तो आमच्या ठाणे जिल्ह्यातच होता. तिथल्या वारली घरात लग्न असलं की सवाशिणी भिंत सारवून तिच्यावर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकात पालघट देवी, भोवती झाडं, माणसं, नाच. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. आता यातली एक गोष्ट नीट बघा. १९७० नंतर ही चित्रं कागदावर आली, शहरात विकली जाऊ लागली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांची कला मोठीच होती, त्यांचं देणं कुणी नाकारत नाही. पण भिंतीवर होतं तोवर हे काम सवाशिणींचं होतं, आणि त्यात बाजार आला तेव्हा नावं पुरुषांची झाली.

आमच्या नया नगरात कोकणातून आलेली बरीच मुस्लिम घरं आहेत. त्यांच्यात मेंदी आणि हळदीची गाणी बायकाच म्हणतात. निकाहाच्या वेळी वकील आणि दोन साक्षीदार मुलीकडे येतात, तिची कबुली विचारतात. ती कबुली, मेहेरची रक्कम, साक्षीदारांच्या सह्या, हे सगळं निकाहनाम्यात लिहिलं जातं. मुलीच्या होकाराची लेखी नोंद ठेवायची ही रीत कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची आहे.

मग कॅमेरा आला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफीची सोसायटी सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या काळातल्या पहिल्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. पण हा खेळ साहेबांचा आणि पैसेवाल्यांचा होता. पुढे शहरांत फोटोचे स्टुडिओ निघाले. लग्नानंतर नवरा-नवरीने स्टुडिओत जायचं, मागे रंगवलेला पडदा, नवरा खुर्चीत बसलेला, नवरी शेजारी उभी, आणि एक फोटो. अनेक घरांत आजीचा तोच काय तो फोटो असतो. पुष्कळ आज्यांचा तर तोही नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तेव्हा लोक म्हणत.

हलती चित्रं मुंबईत पहिल्यांदा ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. ती पाहून सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला. ते स्वतः फोटोग्राफर होते. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, त्यांचं स्वागतही चित्रित केलं. घडणारा प्रसंग घडताना टिपायचा, हे काम आपल्या माणसाने तिथे सुरू केलं. आजचा व्हिडिओवाला त्याच वाटेने चालतो.

दादासाहेब फाळक्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. ३ मे १९१३ रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. सरस्वतीबाई फाळक्यांचं नाव मात्र किती जणींनी ऐकलंय? सिनेमासाठी भांडवल हवं होतं तेव्हा त्यांचे दागिने गेले. अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मच्या कडेला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, उन्हात पांढरी चादर धरून उजेड पाडायचा, हे सगळं त्यांनी केलं. वर सगळ्या माणसांचा स्वयंपाक. आणि पडद्यावर? त्या काळी सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. म्हणजे आपल्या पहिल्या सिनेमात पडद्यामागे राबणारी एक बाई होती आणि पडद्यावर बाई नव्हतीच.

त्याच १९१३ साली होमाई व्यारावाला जन्मल्या. मुंबईत शिकल्या, आणि वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणारी देशातली पहिली स्त्री म्हणून पुढे प्रसिद्ध झाल्या. त्यांनाही २०११ साली पद्मविभूषण मिळालं. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून येत ते नवऱ्याच्या नावाने. सरस्वतीबाईंचं काम झाकलं गेलं, होमाईबाईंचं नाव झाकलं गेलं. आपल्या गटातल्या किती जणींच्या दुकानावर नवऱ्याच्या नावाची पाटी आहे, ते आठवून बघा.

खेड्यापाड्यातल्या लग्नापर्यंत कॅमेरा पोचला तो व्हिडिओमुळे. फिल्म महाग होती, ती धुवावी लागे, दाखवायला प्रोजेक्टर लागे. १९७६ साली जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस कॅसेट आणली. आपल्याकडे १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत टीव्ही आला. त्या दशकात खांद्यावर ठेवायचे व्हिडिओ कॅमेरे बाजारात आले. कॅसेट काढायची, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरमध्ये घालायची, की घरात बसून लग्न पाहायला मिळायचं. पाहणारे पंचवीस, टीव्ही एक.

नेमकं त्याच काळात आमचं नया नगर उभं राहत होतं. आधी या बाजूला मिठागरं आणि शेती. मुंबईत घर न परवडणारी माणसं इथे येऊ लागली. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबं जीव मुठीत धरून इकडे आली. २००२ साली महानगरपालिका झाली. नात्यातली माणसं अशी विखुरलेली: कुणी रत्नागिरीत, कुणी भेंडीबाजारात, कुणी कुवेत-दुबईत नोकरीला. बहिणीच्या लग्नाला भावाला सुट्टी मिळायची नाही. मग लग्नाची कॅसेट कुणाच्या तरी सामानातून विमानाने जायची. दूरच्या खोलीत बसून भाऊ बहिणीची पाठवणी पाहायचा. ज्यांचे जुने फोटो आधीच्या घराबरोबर गेले, त्यांना तर नव्या लग्नाची कॅसेट म्हणजे घरात पुन्हा जमलेली माणसं. म्हणून आम्ही असं म्हणणार नाही की व्हिडिओ म्हणजे नुसती हौस आणि उधळपट्टी. त्याची गरज खरी आहे.

पण कॅमेऱ्याबरोबर लग्नही बदललं. हॅलोजनच्या उजेडात नवरीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हार पुन्हा घाला, कुंकू पुन्हा लावा, मावशी बाजूला व्हा, असं कॅमेऱ्यामागचा माणूस सांगू लागला. विधी सांगणारी धवलारीण आता त्याच्या हुकमाची वाट पाहते. आणि कॅसेट घरी येते तेव्हा तिचं गाणं त्यात नसतंच. मिक्सिंग करताना बायकांचे आवाज काढून त्या जागी सिनेमाचं गाणं घातलेलं असतं. चित्रात आपली ओठ हलवणारी काकू, आणि आवाज मुंबईच्या गायिकेचा.

तुमच्या घरातली एखादी जुनी कॅसेट किंवा सीडी काढून बघा. व्याह्यांचे पाहुणे दिसतील, गावचे पुढारी दिसतील, आहेर देणाऱ्यांची रांग दिसेल. चार दिवस चुलीपुढे राबलेली जाऊ दिसणार नाही. विधवा आत्या दिसणार नाही, कारण ती स्वतःच मागे उभी राहिली आणि कुणी तिला पुढे बोलावलं नाही. कॅमेरा स्वतःहून कुणाला वगळत नाही. त्याला जे दाखवा म्हणतात तेच तो दाखवतो. सांगणारे कोण होते, ते त्या कॅसेटवरून कळतं.

आता कॅसेट गेली, पेनड्राइव्ह आला, मोबाइल आला, रील आलं. पूर्वी कॅसेट कपाटात राहायची. आज लग्नाच्या रात्रीच एखादा तुकडा हजारो लोकांच्या हातात जातो. आमच्याकडे लग्नात बायकांची बाजू वेगळी असते. तिथे मुली बुरखा काढून मोकळेपणी बसतात, नाचतात. त्यातलं काही बाहेर गेलं तर बोल मुलीलाच लागतो, चित्र काढणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. हे फक्त आमच्याकडेच आहे असं नाही. हळदीतल्या नाचाच्या एका रीलवरून सासरी मुलीला किती ऐकावं लागतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून व्हिडिओवाला ठरवायला निघालात की या गोष्टी आपण स्वतः बोलायच्या.

पहिली गोष्ट, चित्रण कुणाचं? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं, की कुणी पैसे देऊन आपल्यासाठी फोटो किंवा फिल्म करून घेतली, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तिचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. हे 'वेगळं काही' बिलाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असू शकतं. ते वाचा, नाहीतर शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. आणि आपल्या बाजूने एक ओळ लिहून घ्या: आमच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही फोटो किंवा व्हिडिओ जाहिरातीत, रीलमध्ये किंवा कुणाच्या मोबाइलवर टाकायचा नाही.

दुसरी गोष्ट, बायकांच्या खोलीत कोण येणार? नवरी तयार होते तिथे, हळदीत, बायकांच्या पंगतीत बाई कॅमेरावाली हवी असेल तर आधीच सांगा. ऐन वेळी 'बाई आजारी पडली, माणूस आलाय' असं झालं तर काय, तेही ठरवा. आणि जिला चित्रात यायचं नाही, तिला न येऊ देणं हेही कामाचा भागच आहे, हे त्याला समजवा.

तिसरी गोष्ट, काय मिळणार आणि कधी? किती माणसं, किती कॅमेरे, किती तास, कोणकोणते कार्यक्रम. अल्बमची पानं किती. न कापलेलं मूळ चित्रण हार्ड डिस्कवर देणार का. ॲडव्हान्स किती, मधला हप्ता किती, आणि शेवटची रक्कम काम हातात पडल्यावर. पावती प्रत्येक वेळी. मुलीचा संसार वर्षाचा झाला तरी अल्बम येत नाही, असे अनुभव आमच्या गटात आले आहेत. पावती आणि लेखी अटी असतील तर ही सेवेतली कसूर ठरते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुदत साधारण दोन वर्षांची असते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारून घ्या.

चौथी गोष्ट पुराव्याची. बऱ्याच जणींना वाटतं, दागिने आणि भांडी व्हिडिओत दिसतात म्हणजे झालं. तेवढ्यावर विसंबू नका. हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ साली नियम झाले. त्यानुसार लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची असते. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली नवरा-नवरीच्या सह्या. मेहेर हुंड्यात धरला जात नाही, तो मुलीचा हक्कच आहे, आणि त्याची रक्कम निकाहनाम्यात स्पष्ट असली पाहिजे. लग्नाची नोंदणी करा, गावात ग्रामपंचायतीत ती होते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं सांगितलं आहे.

व्हिडिओ या कागदांच्या जोडीला ठेवायचा. त्यातही मूळ चित्रणाला किंमत आहे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्यात वाद होता तो निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. न्यायालयाने २०२० साली सांगितलं, की मूळ यंत्र हजर न करता प्रत द्यायची असेल तर तिच्यासोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यातही अशा प्रमाणपत्राची तरतूद आहे. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच: गाणी लावून सजवलेला व्हिडिओ पाहायला ठेवा, पण मूळ चित्रणाची डिस्क आणि व्हिडिओवाल्याचं बिल मुलीच्या निकाहनाम्याशेजारी किंवा लग्नाच्या दाखल्याशेजारी जपून ठेवा. आणि एक प्रत मुलीच्या स्वतःच्या ताब्यात द्या.

कॅमेऱ्यामागे बाई कुठून आणायची, असं तुम्ही म्हणाल. १९८४ साली अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेने आपल्या सभासद बायकांसाठी व्हिडिओचं शिबिर घेतलं. त्यात कष्टकरी बायका होत्या, काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या कॅमेरा चालवायला शिकल्या आणि 'व्हिडिओ सेवा' सुरू झाली. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या जहिराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या शेतकरी बायकांनी कॅमेरा हाती घेतला, रेडिओही चालवला. अक्षर ओळख नसलेली बाई जर आपल्या शेतीवर फिल्म करू शकते, तर बारावी झालेली आपली मुलगी शेजारच्या लग्नाचं चित्रण का करू शकणार नाही? शिलाई मशीनसाठी आपण गटातून कर्ज देतो. तसंच कॅमेऱ्यासाठी आणि शिकण्यासाठी देता येईल. शिकायला काही महिने, सराव आपल्याच गटातल्या बारशा-साखरपुड्यांवर. आमच्याकडे तर बायकांच्या बाजूला कॅमेरावाली बाई मिळते का, ही विचारणा प्रत्येक लग्नात होते.

आता एक छोटं काम सुचवतो. पुढच्या बैठकीत अर्ज मंजूर करताना 'व्हिडिओ शूटिंग' या ओळीपुढे चार प्रश्न विचारा: बोलणी कोण करणार, बायकांकडे चित्रण कोण करणार, मूळ चित्रण कुणाला मिळणार, आणि शेवटचा हप्ता कधी देणार. उत्तरं वहीत लिहा आणि अर्जदार बाईची सही घ्या.

आणि व्हिडिओवाल्याला द्यायची नावं आपण काढूया. पुढारी येतीलच, ते कुणाच्या सांगण्याची वाट पाहत नाहीत. आपण लिहू: चुलीपुढची जाऊ, मागे उभी असलेली आत्या, नवरीला लहानाची मोठी केलेली आजी. तुमच्या गावात धवलारीण असेल, हळदीच्या ओव्या म्हणणारी म्हातारी असेल, मेंदीची कोकणी गाणी येणारी खाला असेल, तर तिचं एक तरी गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित करायला सांगा. त्याच्यावर दुसरं गाणं घालायचं नाही, मूळ आवाजच ठेवायचा, हे अटींमध्ये लिहा. याला जास्तीचा पैसा लागत नाही. आणि या गाण्यांपैकी बरीचशी आता एकेका बाईलाच येतात.